डोळ्यांत पाणी येत नाही, मग माझा पश्चात्ताप खोटा का?

"पाळकसाहेब, पापाची कबुली देताना मला रडूच येत नाही. मग माझा पश्चात्ताप खोटाच म्हणायचा का?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी येतं. उपास-प्रार्थनेत शेजारचा हुंदके देत असतो आणि आपण कोरडेच बसलेलो असतो. मग रात्री झोप लागत नाही. असं वाटणाऱ्यांसाठी शहाद्याकडच्या एका काकांचा अनुभव सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तापीकाठच्या गावांतून कापसाची खेडा खरेदी चालते. तिथे काका चार हंगाम काट्यावर होते. काटा मारायचे, क्विंटलमागे दोन किलो. ते काम सोडून सहा वर्षं झाली होती आणि देवापुढे कबुलीही कितीदा दिली होती. तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, प्याला जवळ आला की ते तो तसाच पुढच्याच्या हातात देत. घरच्यांना कारण माहीत नव्हतं.

पहिल्या भेटीत मी घाई केली. योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन त्यांच्यापुढे ठेवलं, की पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय आहे, क्षमा करतो. मग शंका कशाला, काका? ते खाली बघत म्हणाले, "पदरी घेतलं ते देवापाशी. ज्यांचा कापूस होता त्यांना कुठं सांगितलं?"

मी गप्प झालो. जे मी त्यांना दाखवायला हवं होतं, ते त्यांनाच दिसत होतं. जुन्या करारात पश्चात्तापासाठी जो शब्द येतो त्याचा अर्थच मागे फिरणे, परत येणे. त्यात रडण्याचं माप नाही. काकांना परत जायची वाट दिसत होती, पण त्या वाटेवर अकरा घरं होती आणि त्या घरांची लाज वाटत होती.

दुसऱ्या भेटीत आम्ही वही घेऊन बसलो. गणना ५:७ मध्ये नियम सरळ आहे: कबुली द्यावी, घेतलेलं पुरतं भरून द्यावं आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. भाव क्विंटलला ५,००० रुपये धरला. एका विधवा आजीने बारा क्विंटल घातला होता. तिचे गेले १,२०० आणि पाचवा हिस्सा २४०, म्हणजे १,४४० रुपये. आकडा समोर आल्यावर काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जक्कयानं तर चौपट दिलं होतं."

जक्कय म्हणजे लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार. मी म्हटलं, लूकचा एकोणिसावा अध्याय पुन्हा वाचा. येशू 'आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे' असं आधी म्हणाला. चौपटीची गोष्ट नंतर आली. पैसे देऊन त्याने प्रभूला घरात आणलं नाही. प्रभू घरात आला म्हणून त्याची मूठ उघडली.

काकांनी गोऱ्हा विकला आणि एकेका घरी गेले. एकाने शिव्या दिल्या, दोघांनी पैसे घेतलेच नाहीत. आजीने नोटा मोजून कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "माले तवयच ठाऊक व्हतं, भाऊ."

इथे गोष्ट संपेल असं मला वाटलं होतं. पण पुढच्या पहिल्या रविवारीही त्यांनी प्याला पुढे सरकवला. "पैसे दिले, तरी मी तोच," म्हणाले.

तेव्हा मी आधी त्यांना स्पष्ट विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? जेवण-झोप कशी आहे? हे विचारायला कोणीही संकोचू नये. उत्तर 'हो' असतं, तर मी त्यांना एकटं सोडलं नसतं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं असतं. ते नाही म्हणाले. मग आम्ही मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय उघडला.

येशूला तीस रुपयांसाठी धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा, त्याला पस्तावा झाला. 'मी पाप केले' असं तो बोलला. ते तीस रुपयेही त्याने परत केले. दुःख, कबुली, भरपाई, तिन्ही झालं. पण ते घेऊन तो गेला मुख्य याजकांकडे आणि ते म्हणाले, तुझं तू बघ. ज्याला धरून दिलं, त्याच्याकडे तो फिरला नाही. दुसरा शिष्य पेत्र, त्यानेही कोळशाच्या शेकोटीपाशी येशूला तीनदा नाकारलं आणि बाहेर जाऊन रडला. पण पुढे समुद्रकाठी तशाच कोळशांच्या विस्तवापाशी प्रभूने तीनदा विचारलं, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' तेव्हा तो पळाला नाही, समोर उभा राहिला.

"काका, तुम्ही अकरा दारं फिरलात. प्याला पुढे सरकवता तेव्हा बाराव्या दारावरून परत जाता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाले नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यांनी भाकर घेतली, प्यालाही घेतला. हात थरथरत होता. डोळे कोरडेच होते, मी पाहिले.

नंतर त्यांना आणखी तीन नावं आठवली. ती घरं कामाला सुरतेकडे गेली आहेत. त्यांचे पैसे नाव घातलेल्या पाकिटांत कपाटात ठेवले आहेत. होळीला ती माणसं गावी येतात, तेव्हा काका जाणार आहेत. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाले.