डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला) पेस्टालॉझी पाठ केला, पण शिकवताना त्यांचा नेमका उपयोग काय, असं तुम्ही विचारता.

मी ठाण्यात लोकमान्यनगरला पहिली-दुसरीच्या शिकवण्या घेते. मला त्यांचा उपयोग रोज होतो, म्हणून लिहिते.

पेस्टालॉझी हे स्वित्झर्लंडचे शिक्षणतज्ज्ञ. त्यांचं म्हणणं असं: मुलाच्या हाती आधी वस्तू द्या, मग शब्द, आणि आकडा किंवा अक्षर सगळ्यांत शेवटी. शिकवण्याला मानसशास्त्राचा पाया द्यायचा आपला प्रयत्न आहे, असं त्यांनी १८०० साली लिहिलं. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा निघाली १८७९ला!

त्यांना हे उमगलं ते मुलांत राहून. फ्रेंच फौजांनी उद्ध्वस्त केलेल्या, स्वित्झर्लंडमधल्याच स्टान्स गावात १७९९च्या जानेवारीत त्यांनी अनाथ मुलं गोळा केली. खरूज आणि उवांनी बेजार झालेली जवळपास ८० मुलं, आणि मदतीला घरकाम करणारी एक बाई. ते मुलांबरोबरच जेवत, त्यांच्यातच झोपत. जूनमध्ये फ्रेंचांना इस्पितळासाठी ती इमारत हवी झाली आणि सगळं मोडलं. या पाच महिन्यांबद्दल वाचताना मला अजून भरून येतं.

आता माझ्याकडची गोष्ट. दुसरीतली एक मुलगी ४२ वजा १७ चं उत्तर ३५ काढायची. ‘शेजारून दशक उसना घ्यायचा’ हे मात्र तिला तोंडपाठ! मी काडेपेटीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या चार जुड्या रबर लावून दिल्या आणि दोन सुट्या काड्या. सात सुट्या काढायच्या, हातात दोनच. बराच वेळ बघत बसली. मी गप्प राहिले (हे फार अवघड जातं). मग तिनेच एका जुडीचं रबर काढलं आणि म्हणाली, “टीचर, हे उसने कुठे, आपलेच तर आहेत!” तिचं खरंच आहे. ‘उसना’ या शब्दानेच ती अडली होती.

पुढे वस्तू दाखवून शिकवायच्या त्यांच्या पद्धतीचं, म्हणजे वस्तुपाठांचंही, पाठांतर झालं. वस्तू समोर ठेवायची आणि तिचे गुणधर्म एका सुरात म्हणवून घ्यायचे. तुमच्या पुस्तकात पेस्टालॉझी रुक्ष वाटतात, ते बहुधा यामुळे. पेस्टालॉझींच्या विचाराचा खरा धागा बघायचा तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं काम वाचा. १९४५ला त्यांनी बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच, बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरल्या.

सरावपाठाला तक्ता रंगवत बसू नका. काड्या न्या, प्रत्येक मुलाला पुरतील इतक्या.