दुसरा परिच्छेद त्यांचा

अगं, तुझा मेल रात्री अकराला वाचला आणि मग झोप लागेना. विमानतळांसाठी लॉबिंग करायला वॉशिंग्टनमध्ये येऊन तुला जेमतेम चार महिने झालेत, त्यात विमानतळ शुल्क वाढवा हे सांगायची ही पहिलीच मोठी भेट, आणि काँग्रेस सदस्याच्या ऑफिसातल्या त्या सहाय्यकाने, स्टाफरने, नेमकं विचारलं, "यावर विमान कंपन्यांचं काय म्हणणं आहे?" तू गप्प बसलीस. तुझ्या मूळ कागदात ते म्हणणं होतं. बॉसने त्यावर लाल रेघ मारली. आता रेघ मारलेलं तोंडाने सांगायचं की नाही, हे तुला तिथल्या तिथे ठरवता आलं नाही. आणि आता विचारतेस, काका, चूक कोणाची, आणि हे काम सोडू का?

सोडू नकोस. विमानतळाला धावपट्टी लागते आणि धावपट्टीला पैसे, एवढं आपण दोघं धरून चालू. तुझे बाबा पुण्याहून विचारतात की लॉबिंग म्हणजे लाच ना, त्यांना सांग, इथे स्टाफरला बसवून जेवू घालायचीसुद्धा चोरी आहे. 2007 च्या कायद्यानंतर समारंभात काय चालतं, तर उभ्याउभ्या टूथपिकला टोचून खाता येईल एवढंच. शिवाय दर तिमाहीला कोणासाठी, कशासाठी, किती पैसे घेऊन बोललो याचा हिशेब सरकारदरबारी भरावा लागतो. आपल्याकडे वशिला लावणारा असा हिशेब देत नाही. असो.

मुद्दा एकच आहे आणि तो मी तुला शंभर वेळा सांगणार आहे. एका पानाच्या कागदात पहिला परिच्छेद आपला. दुसरा परिच्छेद त्यांचा, म्हणजे समोरच्या पक्षाचा. त्यांचं सगळ्यात जोरकस म्हणणं, त्यांना वाचून दाखवलं तर "हो, हेच" म्हणतील अशा शब्दांत. तिसऱ्यात आपलं उत्तर. स्टाफरला ते म्हणणं कुठून ना कुठून कळणारच आहे. ते तुझ्याकडून आधी कळलं पाहिजे.

हे शहाणपण मला कसं आलं ते ऐक. 2004 च्या सुमारास मिडवेस्टातलं एक छोटं विमानतळ माझ्याकडे होतं. मॅनेजर स्वतः बर्फ ढकलायची गाडी चालवायचा. मी एका तरुण स्टाफरला तिथे घेऊन गेलो. टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं धावपट्टीकडे नेण्याच्या रस्त्यावर, इतक्या भेगा होत्या की त्याने गंमत म्हणून खिशातलं बॉलपेन एका भेगेत खोचलं, तर ते निम्मं आत जाऊन सरळ उभं राहिलं. तो हसला, मग हसायचा थांबला. मला वाटलं, जिंकलो.

त्या काळच्या नियमात वर्षाला दहा हजार प्रवासी चढले की विमानतळाला एआयपीतून, म्हणजे विमानतळांसाठीच्या केंद्रीय अनुदान योजनेतून, हक्काचे किमान दहा लाख डॉलर मिळायचे. दहा हजारांच्या खाली गेलात की दीड लाखाच्या आसपास. त्या वर्षी आमची काही शे माणसं कमी पडली होती. आमची मागणी साधी होती, मागच्या वर्षीचा आकडा धरा. मी कागदात लिहिलं की विमान कंपनीने फेऱ्या कमी केल्या म्हणून प्रवासी घटले. शब्दन् शब्द खरा. फक्त एक लिहिलं नाही. फेऱ्या कमी व्हायच्या आधीपासूनच निम्मा तालुका दीड तास गाडी हाणून मोठ्या विमानतळावर जायचा, कारण तिथलं तिकीट स्वस्त होतं. कंपनीचं म्हणणं होतं, रिकाम्या खुर्च्या आम्ही किती दिवस उडवायच्या? मला ते माहीत होतं. मी गाळलं.

त्या पोराने माझा कागद जसाच्या तसा आपल्या काँग्रेसमनच्या प्रश्नात घातला. उपसमितीच्या सुनावणीत तो प्रश्न वाचला गेला आणि समोरच्या साक्षीदाराने अगदी शांतपणे तो दीड तासाचा रस्ता सांगितला. सदस्यांच्या मागे भिंतीला लागून स्टाफच्या खुर्च्या असतात, तू पाहिल्यास. काँग्रेसमन काही बोलला नाही. फक्त मान वळवून मागे पाहिलं. त्या मुलाचे कान लाल झालेले मला तिसऱ्या रांगेतून दिसले.

त्यानंतर त्याने माझा फोन कधी उचलला नाही. टॅक्सीवेच्या भेगा मॅनेजरने आणखी तीन वर्षं डांबर ओतून बुजवल्या. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता तुझ्या कागदाकडे वळू. प्रवाशामागचं विमानतळ शुल्क, आपलं पीएफसी. कायदा 1990 चा, वसुली 1992 पासून, कमाल 3 डॉलर. 2000 मध्ये ते साडेचार झालं आणि आजतागायत साडेचारच आहे. या पंचवीस वर्षांत काँक्रीट कुठे गेलं आणि मजुरी कुठे गेली, हे तू पहिल्या परिच्छेदात छान मांडलंस. मग दुसरा परिच्छेद कुठे आहे? तो मी लिहून देतो. चौघांचं कुटुंब, वाटेत एकदा विमान बदलून, जाऊन येऊन: माणशी चार वेळा साडेचार म्हणजे 18, चौघांचे 72 डॉलर. आपण मागत आलो तसं ते साडेआठ केलं तर 136. हा आकडा विमान कंपन्यांचा माणूस ऐटीत टेबलावर ठेवणार आहे. तू आधी ठेव. तू ठेवलास की तो नुसता आकडा राहतो.

मग उत्तराला जागा मिळते. हा पैसा वॉशिंग्टनच्या तिजोरीत येतच नाही, थेट त्या विमानतळाकडे जातो, आणि वसुलीचा खर्च म्हणून कंपनी दर शुल्कामागे 11 सेंट ठेवून घेते. मोठी विमानतळं पूर्ण साडेचार घेतात तेव्हा स्वतःच्या हक्काच्या अनुदानातले 60 टक्क्यांपर्यंत (2024 च्या कायद्याआधी 75) सोडतात, आणि त्यातलं बरंचसं छोट्या विमानतळांकडे वळतं. देशांतर्गत तिकिटावर साडेसात टक्के कर बसतो, पण बॅगेच्या शुल्कावर बसत नाही. कुटुंबाच्या खिशाची एवढी काळजी असलेल्यांना बॅगांबद्दल हळूच विचार. आणि खरी मेख: पीएफसीच्या पैशातून विमानतळ स्वतःच्या हिमतीवर गेट बांधू शकतं, आणि नवीन गेट म्हणजे नवीन स्पर्धक. 1990 च्या कायद्यामागे हाही एक हेतू होता. हे चिडून सांगू नकोस, चिडलेल्या माणसाच्या नोंदी कोणी घेत नाही.

तू म्हणशील, काका, एवढं सगळं करून तुमचे साडेचाराचे पाच तरी झाले का? नाही झाले. मे 2024 मध्ये हवाई वाहतुकीचा नवा कायदा झाला, एआयपी वर्षाला 3.35 अब्ज डॉलरांवरून 4 अब्जांवर गेला, पीएफसीच्या मर्यादेला हात लागला नाही. ऑफिसात केक कापला. मी एक तुकडा खाल्ला आणि घरी गेलो. पण दुसऱ्या परिच्छेदामुळे हरलो असं म्हणू नकोस, ते मी ऐकून घेणार नाही. माझ्या एका जुन्या बॉसने तोंडावर सांगितलं होतं, "त्यांची वकिली करायला त्यांचे लोक आहेत." दोन गिऱ्हाइकं याच कारणाने गेली. जाऊ देत. 2013 मध्ये खर्चकपातीत 149 छोटे कंट्रोल टॉवर बंद करायचं ठरलं, तेव्हा रात्री साडेनऊला ज्या ऑफिसांनी माझे फोन उचलले, ती सगळी दुसरा परिच्छेद वाचलेली ऑफिसं होती. टॉवर वाचले. मी वाचवले असं म्हणत नाही, पुष्कळ लोक झटत होते. आणि पैसे कुठून आले, तर आपल्याच एआयपीतून, 25 कोटी डॉलरच्या आसपास. हा भाग सांगताना लोक गाळतात. मी गाळत नाही.

थोडं तेही वाच, जे आपल्या धंद्यातलं नाही. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं 3407 क्रमांकाचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. त्यांच्या घरचे लोक वर्षानुवर्षं कॅपिटलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, येत राहिले. 2010 मध्ये त्यांच्या आग्रहाने कायदा झाला आणि विमान कंपनीच्या वैमानिकाला साधारण दीड हजार उड्डाण तासांची अट लागली. त्या अटीविरुद्ध सगळ्यात जोरकस मुद्दा काय, माहीत आहे? त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास दीड हजारांहून जास्त होते. हे खरं आहे. आणि हे पहिल्या दिवसापासून उघड असूनही अट अजून उभी आहे. लपवून टिकवायला लागलं असतं, तर एका सुनावणीत गेली असती.

एक मात्र सांभाळ. दुसरा परिच्छेद त्यांचा म्हणजे पान त्यांचं नव्हे. 2011 च्या जुलैत हवाई वाहतुकीच्या कायद्याची मुदत संपली, एफएएचे, म्हणजे इथल्या सरकारी हवाई वाहतूक खात्याचे, जवळपास चार हजार कर्मचारी घरी बसले, तिकिटावरचा कर दोन आठवडे वसूलच झाला नाही. आणि बहुतेक कंपन्यांनी तेवढंच भाडं वाढवून फरक खिशात घातला. दुष्काळात तेरावा महिना! अशा वेळी तोलूनमापून लिहायची गरज नसते, नुसती तारीख लिहायची.

बॉसशी भांड, पण बंद दाराआड. त्याने कागदातून पुन्हा काढलं, तर तोंडाने सांग. ते सांगायला परवानगी लागत नाही, आणि लागते असं तो म्हणाला तर मला फोन कर, तेव्हा सोडायचं बोलू. त्या स्टाफरला आजच दोन ओळी पाठव: तुम्ही विचारलंत ते मला तिथे सांगायला हवं होतं, हे घ्या. माफी एकदाच माग, सगळ्या मेलभर नको.

2024 चा कायदा सप्टेंबर 2028 ला संपतो, म्हणजे पुढची लढाई फार लांब नाही. नवा कागद बुधवारी रात्रीपर्यंत मला पाठव. 72 आणि 136 चं गणित स्वतः करून बघ, माझ्यावर विसंबू नकोस. आणि गुरुवारी वीस मिनिटं आधी नीघ, रेबर्नच्या, काँग्रेस सदस्यांच्या ऑफिसांच्या त्या इमारतीच्या, जिन्यांमध्ये मी अजूनही हरवतो.

— काका