घोडीची पाठ, सुया आणि खोगीर

प्रश्न : माझी मुलगी महालक्ष्मीला घोडेस्वारी शिकते. शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी आम्ही तिच्यासाठी घेतली. हल्ली खोगीर आवळताना ती कान मागे टाकते, पाठीला हात लावला की अंग चोरते. तबेल्यात कुणी म्हणतं, अ‍ॅक्युपंक्चर करा. मोतद्दार म्हणतो, डाग द्या. काय करू? — एक आई, दादर

उत्तर : मोतद्दाराचं आधी निकालात काढू. डाग द्यायचा नाही. तापल्या लोखंडानं पाठ बरी होत नाही, कातडं मात्र कायमचं जातं.

सुयांना माझी ना नाही, पण त्यांची पाळी नंतर. पाठीची तक्रार आली की मी आधी पाय, दात आणि खोगीर बघते. मागच्या पायात बारीकसा लंगडेपणा असला तरी घोडा पाठ आखडून चालतो. शिवाय शर्यत सुटली की घोडीची अंगलट बदलते, आणि खोगीर बहुतेक वेळा कुणाचं तरी जुनं, उसनं. रपेट झाल्यावर खोगीर उतरवा आणि घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा चकता दिसला, तर तिथे दाब पडतोय असं समजा. अशा घोडीला सुया टोचल्या तर दुखणं दबेल, ती मुकाट्यानं खोगीर घेईल आणि आतली इजा वाढत जाईल. मला भीती आहे ती याची.

हे सगळं तपासून झालं आणि तरी स्नायू आखडलेले असले, तर जरूर करून बघा. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांपासून थोड्या अंतरावर सुया टोचायच्या बिंदूंची रांग असते. कमरेच्या मागे, माकडहाडाच्या अलीकडच्या खळगीत एक महत्त्वाचा बिंदू असतो. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या बारीक सुया साधारण वीस-तीस मिनिटं ठेवतात. जुन्या दुखण्यात सुयांना तारा जोडून हलका विद्युतप्रवाहही देतात. काही डॉक्टर बिंदूत बी-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडतात. चुळबुळ्या घोड्याला ते सोयीचं. बरगड्यांवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून हे हौशी माणसाचं काम नाही. घोडीनं मान खाली टाकली, ओठ सैल सोडला की ती निवांत झाली म्हणायचं. शेवटी सुया मोजून घ्यायला सांगा. गवतात पडलेली एक सुई खुरात किंवा पोटात गेली, तर पाठ राहील बाजूला.

गुण येतो का? २००५च्या एका छोट्या अभ्यासात विद्युत-अ‍ॅक्युपंक्चरनं घोड्यांच्या पाठदुखीत फरक दिसला. पण प्राण्यांवरच्या एकूण अभ्यासांचा २००६ साली आढावा घेतला गेला, तेव्हा पुरावा अपुरा ठरला. आणि या बिंदूंच्या नकाशांची गंमत बघा : त्यांत पित्ताशयाची म्हणून एक वाहिनी, म्हणजे बिंदू जोडणारी रेषा, काढलेली असते, घोड्याला पित्ताशयच नसतं! तरी आखडलेला स्नायू सुईनं सैल होताना मी पाहिलाय. तीन-चार वेळा करून फरक नसेल, तर पैसे वाया घालवू नका. माणसांना सुया टोचणारे ओळखीचे कुणी असतील, त्यांना मात्र बोलावू नका. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानंच करायचे आहेत.

प्रश्न : पोटशुळात वरच्या ओठावर सुई टोचली की घोडा लगेच उठतो म्हणतात. खरं का? — एक वाचक, माहीम

उत्तर : पोटशुळात सुईच्या नादी लागू नका. आतडं पिळलं असेल तर तासातासाला वेळ हातची जाते. चारा काढून घ्या, डॉक्टरांना फोन लावा. घोडा लोळत नसेल तर हळूहळू फिरवा. जोरात लोळत असेल तर जवळ जाऊ नका. फोनवर दोन गोष्टी सांगा : शेवटची लीद कधी टाकली आणि नाडीचे ठोके किती. विश्रांतीत ते मिनिटाला २८ ते ४४ असतात. साठच्या वर गेले असतील, तर फोनवर पहिलं वाक्य तेच असू द्या.