वाचकांचे प्रश्न : विश्वचषकाविना झिको

प्रश्न : झिको हे नाव आम्हांला एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक म्हणून ठाऊक झाले. ब्राझीलकडून खेळताना त्यांना एकदाही विश्वचषक जिंकता आला नाही, तरीही त्यांची गणना थोर फुटबॉलपटूंमध्ये का होते? गोव्यातील त्यांची कामगिरी कशी होती?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आर्थर आंतुनेस कोइम्ब्रा ऊर्फ झिको यांचा जन्म ३ मार्च १९५३ रोजी रिओ दी जानेरो शहरात झाला. किशोरवयात ते फ्लामेंगो क्लबमध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांची अंगकाठी इतकी किरकोळ होती की क्लबने खास आहार आणि व्यायाम देऊन त्यांचे शरीर घडवले. पुढे याच क्लबसाठी त्यांनी पाचशेहून अधिक गोल केले. डिसेंबर १९८१ मध्ये टोकियोत फ्लामेंगोने युरोपविजेत्या लिव्हरपूलला ३-० असे हरवले. त्या सामन्यात झिको यांच्या नावावर एकही गोल नाही, पण तिन्ही गोलांची सुरुवात त्यांच्याच पायातून झाली होती. माझ्या मते त्यांची खरी थोरवी इथे दिसते.

विश्वचषकाबाबत आपण म्हणता ते खरे आहे. मात्र पराभव कसे झाले हेही पाहायला हवे. १९८२ च्या स्पर्धेत झिको यांनी चार गोल केले. इटलीविरुद्ध उपांत्य फेरी गाठायला बरोबरीही पुरेशी असताना पाओलो रोस्सी यांच्या तीन गोलांमुळे ब्राझील २-३ असा हरला. त्या सामन्यात जेंतिले या बचावपटूने झिको यांना इतके जखडून ठेवले की त्यांची जर्सी फाटली, आणि तरीही सहकारी सॉक्रेटिस यांच्या गोलसाठीचा अचूक पास त्यांनीच दिला.

१९८५ मध्ये देशांतर्गत सामन्यात त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्यातून पुरते सावरण्याआधीच ते १९८६ च्या विश्वचषकासाठी मेक्सिकोला गेले. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरताच त्यांनी ब्रांको यांना पास दिला, त्यातून पेनल्टी मिळाली, आणि ती त्यांनी स्वतः मारली असता गोलरक्षक बात्स यांनी अडवली. सामना बरोबरीत सुटल्यावर निकालासाठीच्या पेनल्टी शूटआउटमध्ये झिको यांनी गोल केला. सॉक्रेटिस आणि जुलिओ सेझार चुकले आणि ब्राझील हरला. तरीही दोष एकट्या झिको यांच्या माथी मारला जातो, हे मला अन्यायकारक वाटते.

त्यांच्या कारकिर्दीचा जपानमधील भाग आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. १९९१ मध्ये ते तेथील दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या, एका पोलाद कंपनीच्या संघात गेले. त्याच संघातून काशिमा अँटलर्स हा क्लब उभा राहिला, आणि १९९३ मध्ये जे-लीग या जपानच्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेतील या क्लबच्या पहिल्याच सामन्यात चाळिशीतल्या झिको यांनी हॅटट्रिक केली. नवख्या खेळाडूंना त्यांनी व्यावसायिक शिस्त लावली. पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी जपानला २००४ चा आशिया चषक जिंकून दिला.

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत खेळणाऱ्या एफसी गोवाचे प्रशिक्षकपद त्यांनी २०१४ ते २०१६ असे तीन हंगाम सांभाळले. पहिल्या वर्षी संघ उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टींवर हरला. २०१५ च्या अंतिम सामन्यात फातोर्डाच्या मैदानावर शेवटची काही मिनिटे उरली असताना गोवा २-१ असा पुढे होता, पण चेन्नईयिनने लागोपाठच्या दोन गोलांनी चषक हिरावला. तिसऱ्या हंगामात संघ तळाला राहिला आणि त्यानंतर झिको गोव्यातून बाहेर पडले.