सुनामीचं मीठ आणि आपली खारपाणपट्ट्यातली वावरं

2004 च्या सुनामीत खारट झालेली तमिळनाडूची शेती परत कशी हिरवी झाली, असा एक व्हिडिओ आपल्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोल्याकडच्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यातल्या, ग्रुपवर फिरून राहिला आणि मला रोज तेच ते प्रश्न येताहेत. एकदाच सगळ्यांना उत्तर देतो.

सर, सुनामी अकोल्यापर्यंत येऊ शकते काय?
नाही.

अमावस्येला सुनामी येणार असा मेसेज आला, पोरगी चेन्नईले शिकते, बोलावून घेऊ काय?
नका बोलावू, मेसेज डिलीट करा. भूकंपाची तारीख कोणालाच आधी सांगता येत नाही, तो झाल्यावर लाटेचा इशारा देता येतो आणि ते काम 2007 पासून हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था, करते. 2004 ला ही सोय नव्हती. 26 डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला, लाट तमिळनाडूत पोचायला दोनेक तास लागले तरी किनाऱ्यावर कोणाला पत्ता नाही, एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात 6 हजारांवर माणसं गेली. पोरीला एवढंच सांगा, जोराचा धक्का बसला किंवा समुद्र एकाएकी मागं सरला तर व्हिडिओ काढत थांबायचं नाही, उंचावर जायचं, पहिली लाट ओसरली म्हणून खाली यायचं नाही, प्रशासन सांगेल तेव्हाच उतरायचं.

तिथल्या विहिरी उपसून गोड केल्या म्हणे, आमची उपसू काय?
तिथं खारं पाणी वरून शिरलं होतं. तुमच्याकडं भूजलच खारं आहे, कितीही उपसा तेच येईल. पाणी तपासून घ्या, पिण्यात असेल तर डॉक्टरलाही विचारा.

गाडीवाला ‘सुनामी पावडर’ विकते, एकरी एक बॅग, एका सीझनमध्ये मीठ गायब म्हणते. घेऊ काय?
अजिबात नाही! अहो भाऊ, नागपट्टणममध्ये कापणीला आलेल्या भातात समुद्र शिरला, मीठ बहुतेक वरच्या थरात होतं, मग बांध घालून गोडं पाणी साठवलं, काढून दिलं, जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) टाकलं, धैंचा हे हिरवळीचं खताचं पीक गाडलं, आणि 2005 च्या जोरदार पावसानं बरंचसं मीठ धुऊन नेलं. काम पाण्यानं केलं, बॅगेनं नाही. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातली माती भारी काळी, चिकण, तिच्या कणांना सोडियम चिकटलेला, पाऊस पडला की ती फुगते अन् पाणी खाली जाऊच देत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावते हे खरं, पण हुसकावलेला सोडियम पाण्यासोबत वावराबाहेर न्यायला चर पाहिजे, नाहीतर तो तिथंच बसते आणि तुमचे पैसे मातीत. त्यात जिप्सम किती टाकायचं हे दर वावराचं वेगळं, मग एकरी एक बॅग हा हिशोब गाडीवाल्यानं माती न पाहता कुठून काढला? रिपोर्ट दाखव म्हणा त्याला, गाडी चालू करून निघून जाईल.

माती तपासणी पेरणी झाल्यावर केली तर चालेल ना?
नाही चालत, दरवर्षी हेच ऐकतो. जिप्सम पावसाआधी वावरात पडलं पाहिजे, म्हणजे नमुना उन्हाळ्यातच घ्या, तीन फुटांपर्यंत प्रत्येक फुटाचा वेगळा, बांधावरची आणि उकिरड्याजवळची माती नको. रिपोर्ट घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. बियाणं-औषधवाल्या कृषी केंद्रात नाही.