स्कायडायव्हिंग करताना पोटात गोळा येतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात येतो तसा पोटात गोळा येतो का? दुसरी, गच्चीच्या कठड्यावरून वाकून बघतानाही ज्याचे पाय लटपटतात त्याला हे जमेल का? पहिल्याचं उत्तर नाही, निदान उडी मारताना तरी नाही. दुसऱ्याचं उत्तर जमेल. फक्त जिथे भीती वाटेल असं तुम्ही धरून चालला आहात तिथे ती वाटत नाही, भलतीकडेच वाटते.

मी दुबईत नोकरीला होतो तेव्हा पाम जुमैराच्या (खजुराच्या झाडाच्या आकाराच्या कृत्रिम बेटाच्या) शेजारी, मरीनाजवळ उडी मारली. टँडम उडी, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पोटाला आपली पाठ बांधलेली आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर. हौस म्हणून जाणारे बहुतेक जण अशीच उडी मारतात. एकट्याने उडी मारायला शिकणाऱ्यांचा अनुभव वेगळा असणार, त्याबद्दल मी बोलत नाही.

आधी सह्या. काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आपली, हेच पानोपानी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. मग सगळ्यांदेखत वजन करतात, ते मला जास्त लागलं. हार्नेस चढवताना मांड्यांवरचे पट्टे इतके करकचून आवळतात की चालणं बदकासारखं होतं. पण भीती अजून कुठेच नसते. ती विमानात भेटते.

विमान छोटं, दोन पंख्यांचं, आत रॉकेलसारखा वास. वर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ करायला काही नसतं. खिडकीतून इमारती बारीक झालेल्या दिसल्या, तेव्हा मला वाटलं आलो आपण. इन्स्ट्रक्टरने मनगटावरचं अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजायचं घड्याळ, दाखवलं: 4,000 फूट. उडी 13,000 वरून. दार उघडल्यावर एकदम गारठा आत शिरतो, कारण दर हजार फुटांना हवा साधारण दोन अंशांनी थंड होते. आमच्या पुढचा माणूस बाहेर गेला, तो खाली पडताना दिसलाच नाही. कोणीतरी मागून ओढून घेतल्यासारखा दारातून नाहीसा झाला. ताशी दीडशेच्या आसपास पळणाऱ्या विमानातून बाहेर पडलेला माणूस मागेच राहणार, हे डोक्याला कळतं, पण त्या क्षणी डोक्याला विचारतंय कोण. माझ्या सगळ्या उडीतला सर्वांत वाईट क्षण तो होता, आणि तेव्हा मी सुखरूप बाकावर बसलेलो होतो.

बाहेर पडल्यावर दोन-तीन सेकंद वर काय, खाली काय, काही समजत नाही. विमानाचं पोट दिसलं, आभाळ दिसलं, समुद्र दिसला, कुठल्या क्रमाने ते विचारू नका. आणि मग पडल्यासारखं वाटतच नाही. पाळण्यात गोळा येतो तो खालचा आधार अचानक सुटतो म्हणून. इथे विमानाच्या वेगामुळे वारा पहिल्या क्षणापासून अंगावर आदळत असतो. तुमची दिशा आडवीची उभी होत जाते, आणि दहा-बारा सेकंदांत वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास येऊन थांबतो. वेग वाढायचा थांबला की शरीराला पडण्याची खबर देणारं काही उरत नाही. तुमचं सगळं वजन हवेने पेललेलं असतं. (दोघांचं मिळून वजन जास्त, म्हणून वेग आणखी वाढू नये यासाठी इन्स्ट्रक्टर बाहेर पडताच ड्रोग नावाचं एक छोटं पॅराशूट सोडतो. ते आपल्याला दिसतही नाही.)

जाणवतो तो वारा आणि त्याचा आवाज. एक्स्प्रेसवेवर ताशी शंभरने चाललेल्या गाडीतून हात बाहेर काढला की तो मागे फेकला जातो ना, तो जोर आठवा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि तो नुसत्या हातावर नाही, छातीवर, पोटावर, गालांवर. ओठ फडफडतात, व्हिडिओत चेहरा विद्रूप दिसतो. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमधल्या पट्टायात नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा मी फोटो बघून नुसतं कौतुक केलं होतं. तो वारा खाल्ल्यावर खरी गोष्ट कळली. एवढ्या वाऱ्यात साडीचा सुटलेला पदर पॅराशूटच्या हँडलवर गुंडाळला गेला तर काय होईल? इथे आमच्या बुटांच्या नाड्यासुद्धा तपासल्या होत्या. त्या बाईंची तर आयुष्यातली पहिलीच उडी 2004 साली उत्तर ध्रुवावर होती, त्यामुळे माझ्या दुबईच्या उडीचं मी फार सांगत सुटत नाही.

श्वास घेता येतो का, असं बरेच जण विचारतात. येतो. हवा इतक्या जोरात तोंडावर येते की सुरुवातीला छाती आपोआप आवळली जाते, एवढंच. ओरडा, कारण ओरडून झालं की माणसाला श्वास घ्यावाच लागतो.

आणि उंची? तिची भीती वाटायला जवळ काहीतरी लागतं: कठडा, भिंत, खाली पार्किंगमध्ये उभ्या गाड्या. चार किलोमीटरवर असलं काही नसतं. नकाशात बघितलेला पाम तसाच्या तसा खाली पसरलेला असतो आणि तो जवळ येतोय असंही वाटत नाही. पाऊण-एक मिनिट असं जातं. मला त्यातलं निम्मंही आठवत नाही, उरलेलं मी व्हिडिओ बघून भरून काढलंय.

साधारण साडेपाच हजार फुटांवर पॅराशूट उघडतं. हार्नेस मांड्यांत रुततो, पाय खाली येतात आणि तो सगळा गोंगाट बंद होतो. इन्स्ट्रक्टर मागून साध्या आवाजात ‘ठीक आहेस ना?’ असं विचारतो आणि ते ऐकू येतं. व्हिडिओत माणूस वर खेचला गेल्यासारखा दिसतो, पण वर कोणी जात नाही. आपल्यासोबत उडी मारलेला कॅमेरावाला खाली पडतच असतो, म्हणून तसं दिसतं.

तुमच्यासारख्यांनी सांभाळायचं ते इथून पुढे. आता वारा नाही, आवाज नाही, पाय अधांतरी लोंबतायत, आणि खालच्या इमारती हळूहळू खऱ्या मापाच्या व्हायला लागल्यात. त्यात इन्स्ट्रक्टर कमरेजवळचे पट्टे सैल करतो. आपल्याला नीट बसता यावं म्हणूनच करतो, पण त्या वेळी अंग चार-दोन इंच खाली सरकतं. माझ्या पोटात गोळा आला तो इथे! मी वर हात टाकून त्याचे पट्टे धरले आणि तो हसला. पुढे त्याने पॅराशूट गोल फिरवलं, तेव्हा मळमळलं ते वेगळं. उतरणं मात्र अगदी साधं. पाय समोर उचलून धरायचे आणि गवतावर बूड टेकायचं.

तेव्हा जायचं असेल तर जा. भारतातही हरियाणात नारनौलजवळ टँडम उड्या होतात. विमानात चढण्याआधीच इन्स्ट्रक्टरला सांगा की मला उंचीची भीती आहे, वर गेल्यावर गिरक्या नकोत आणि पट्टे सैल करण्याआधी मला सांगा. त्यांना यात काही नवीन नसतं, ऐकतात. दारात खाली बघू नका, मान मागे त्याच्या खांद्यावर टाका, तसंही ते तेच करायला सांगतात. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला, नाहीतर उतरताना कान ठणकतात. आदल्या दिवशी समुद्रात स्कूबा डायव्हिंग केलं असेल तरीही नको. आणि उपाशी जाऊ नका. मळमळ टळेल म्हणून लोक काही खात नाहीत, आणि नंबर लागेपर्यंत तीन-तीन तास बसून त्यांना भुकेनेच कसंतरी व्हायला लागतं. दोन इडल्या पुरेत.