डाउट आणि सस्पेक्ट: शंका एकच, दिशा उलट

तुम्ही विचारलंय की शब्दकोशात 'डाउट' आणि 'सस्पेक्ट' या दोन्हींपुढे 'शंका घेणे, संशय येणे' असंच दिलं आहे, मग कुठलाही वापरला तर चालेल का? नाही चालणार. बऱ्याचदा अर्थ थेट उलटा होतो.

'आय डाउट ही इज इल' म्हणजे तो आजारी आहे असं मला वाटत नाही. 'आय सस्पेक्ट ही इज इल' म्हणजे तो आजारी असावा. नोकरीच्या सुरुवातीला मी एका पुरवठादाराला लिहिलं होतं, 'आय डाउट द बिल इज राँग'. मला म्हणायचं होतं की बिलात चूक असावी. त्याने वाचलं की चूक नसावी, आणि बिल तसंच राहिलं. तेव्हापासून हे दोन शब्द मी विसरलेलो नाही.

घोळ मराठी 'शंका' या शब्दामुळे होतो, कारण तो दोन्हीकडे चालतो. पण त्याच्या आधीचा शब्द बघा. 'तो खोटं बोलतोय अशी शंका येते' इथे 'अशी' आहे, म्हणून सस्पेक्ट. 'तो खरं बोलतोय याबद्दल शंका आहे' इथे 'याबद्दल' आहे, म्हणून डाउट. मनातलं वाक्य आधी मराठीत नीट म्हणून बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. मात्र पुढे पूर्ण वाक्य नसून 'मोटिव्ह्ज' म्हणजे हेतू, असं एखादं नाम आलं, तर 'सस्पेक्ट'चाही अर्थ अविश्वास असाच होतो.

'डाउट'चं लॅटिन मूळ 'दोन' या अर्थाच्या शब्दाशी जोडलेलं आहे, आपल्या 'द्विधा'सारखंच. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' हे अक्षर नव्हतं. लॅटिन रूपाची आठवण म्हणून ते नंतर घातलं गेलं, त्यामुळे उच्चारात ते आजही नाही. 'सस्पेक्ट'च्या मुळाशी 'पाहणे' आहे, आणि हेर या अर्थाचा संस्कृत 'स्पश' त्याच कुळातला.

वर्गात आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो ते भारतात सगळ्यांना कळतं. बाहेरच्या माणसाला मात्र तुमचा त्याच्या म्हणण्यावर विश्वास नाही असं वाटू शकतं. तिथे 'क्वेश्चन' म्हणा.

'सस्पेक्ट' क्रियापद असताना जोर 'पेक्ट'वर द्या, आणि 'संशयित' या अर्थाने नाम असताना 'सस'वर.